आधी पगाराचं बोला

हैदराबादच्या आबिड्समधल्या एखाद्या मोठ्या दुकानात अपंग मुलासाठी नोकरी विचारायला गेलात, तर एक वाक्य हमखास कानावर पडतं : "ठेवून घेऊ, काहीतरी देऊ." बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसतं. बापालाही ते ऐकून हायसं वाटतं, पोरगं घरी बसण्यापेक्षा बरं. पण या वाक्यात पगाराचा आकडा नाही, कामाचे तास नाहीत, कामाचं नावही नाही. महिनाअखेरीला हातावर पडेल ते मुकाट्याने घ्यायचं, कारण जास्त मागायला गेलं की उपकाराची आठवण करून दिली जाते.

हा लेख हैदराबादच्या मराठी घरांसाठी आहे, आणि नांदेड, परभणी, लातूरकडून कामाच्या शोधात काचीगुड्याला किंवा नामपल्लीला उतरणाऱ्यांसाठीही. पगाराचं बोलणं पहिल्याच भेटीत करावं, हे माझं सांगणं. नोकरी लागल्यावर बघू म्हणणाऱ्यांचं नंतर कोणी बघत नाही.

बोलण्याआधी कागद जमवा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र महाराष्ट्रातून काढलेलं असेल तर तेलंगणात ते चालणार नाही, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांचं ऐकू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याखाली दिलेलं प्रमाणपत्र देशभर चालतं, तसं कलम ५८ मध्ये लिहिलेलंच आहे. यूडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र, असेल तर उत्तम. ४० टक्क्यांच्या खाली पांढरं, ४० ते ८० च्या दरम्यान पिवळं आणि ८० च्या वर निळं, अशी त्याची रंगांची विभागणी आहे. तेलंगणात बरीच वर्षं सदरेम या राज्याच्या पद्धतीची प्रमाणपत्रं निघाली. ज्यांच्याकडे अजून तीच आहेत त्यांनी मी-सेवा केंद्रात विचारून यूडीआयडी काढून घ्यावं. तपासणीसाठी कानाच्या तक्रारीला कोठीचं सरकारी ईएनटी रुग्णालय आणि डोळ्यांसाठी मेहदीपट्टणमचं सरोजिनी देवी रुग्णालय, ही ओळखीची ठिकाणं आहेत. तारीख आधी घेऊनच जा, रांगेत दिवस मोडू नका.

प्रमाणपत्रावर ४० पेक्षा कमी आकडा आला म्हणून ते कपाटात टाकून देणारी घरं मी पाहिली आहेत. सरकारी नोकरीतलं आरक्षण ४० टक्क्यांपासून मिळतं, हे खरं. पण अपंगत्वावरून भेदभाव होऊ नये हा हक्क त्या आकड्यावर टांगलेला नाही. कार्ड पांढरं असलं तरी जपून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. अपंग माणसाला किमान वेतनापेक्षा कमी पगार देता येतो का? १९४८ च्या किमान वेतन कायद्यात त्याला चक्क वाट ठेवलेली होती. त्याच्या कलम २६ मध्ये, अपंग कामगारांच्या वेतनाला हा कायदा लागू होणार नाही असा आदेश काढण्याची मुभा सरकारला होती. अमेरिकेतही १९३८ च्या कायद्यात अशीच सवलत आहे. खास परवाना घेतलेले मालक अपंगांना किमान दरापेक्षा कमी देऊ शकतात, आणि ती तरतूद रद्द करा म्हणून तिथल्या संघटना वर्षानुवर्षं झगडत आहेत. आपल्याकडे २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि त्या संहितेत ही वाट ठेवलेली नाही. ठरलेल्या किमान दरापेक्षा कमी कोणालाही द्यायचं नाही, एवढंच साधं वाक्य तिथे आहे. तेव्हा "याच्यासाठी नियम वेगळे असतात" असं एखाद्या मॅनेजरने सांगितलं, तर तो नियम कागदावर दाखवायला सांगा. त्याच्याकडे तो असणार नाही.

किमान वेतनाचा आकडा मी इथे मुद्दाम देत नाही. त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता असे दोन भाग असतात आणि भत्ता बदलत राहतो. लेखातला आकडा घेऊन दुकानात गेलात आणि तो जुना निघाला तर तुमचंच हसं होईल. आरटीसी क्रॉस रोडच्या अंजय्या भवनात कामगार खातं आहे. तिथे चालू दर विचारा, किंवा खात्याच्या संकेतस्थळावरून छापून घ्या. दुकाने व आस्थापनांचा तक्ता मागायचा, सगळ्या उद्योगांचा नव्हे.

तो तक्ता हातात आला की खरी मेख दिसते. दर अकुशल, अर्धकुशल, कुशल अशा पायऱ्यांनी लावलेले असतात. अपंग माणसाला सरसकट तळाच्या पायरीवर बसवायचं, ही लबाडी सगळ्यात जास्त चालते. चालायचीच, कारण तिच्यात कायदा मोडल्यासारखं वरकरणी काही दिसत नाही. साडीच्या दुकानातला बिलाचा काउंटर डोळ्यांपुढे आणा. पोलिओने पाय गेलेला मुलगा तिथे संगणकावर बसतो. बारकोड मारतो, बिल काढतो, बदलून घ्यायला आलेल्या साडीची जुनी पावती शोधतो, कार्डाचे आणि फोनवरून आलेले पैसे वेगळे लावतो, रात्री शटर अर्धं खाली आल्यावर गल्ल्याचा हिशेब जुळवतो आणि दहा रुपयांचा फरक आला तरी पुन्हा पहिल्यापासून बसतो. मस्टरवर मात्र त्याच्या नावापुढे 'हेल्पर' लिहिलेलं असतं. का, तर तो माळ्यावरून गठ्ठे खाली आणू शकत नाही! शेजारी उभा राहून तेच बिल काढणाऱ्या धडधाकट मुलाच्या नावापुढे 'कॅशियर' असतं. पगारातला फरक नेमका इथे पडतो.

म्हणून पगार विचारण्याच्या आधी पदाचं नाव विचारा. कामं कोणकोणती, ती वहीत लिहून घ्या आणि हेच काम करणाऱ्या दुसऱ्याला काय मिळतं ते शोधा. आबिड्ससारख्या बाजारात हे अवघड नाही. चिराग अली गल्लीत चहाच्या गाड्यावर दोन दुकानांतल्या पोरांशी बोललात की भाव कळतो. जगदीश मार्केटमध्ये मोबाईल दुरुस्तीचं काम असेल तर गाळ्यावर किती मिळतं, नगावर किती मिळतं, तेही तिथेच कळेल. नगावरचं काम वाईट नसतं, हात चालणाऱ्याला फायद्याचंही पडतं. पण दिवसभर बसूनही नग कमी निघाले म्हणून दिवसाच्या किमान दराखाली मजुरी जाऊ देऊ नका. जिथे वेळेवरचा किमान दर ठरलेला आहे, तिथे नगावर काम करणाऱ्यालाही तेवढं मिळालंच पाहिजे.

दुसरी लबाडी पेन्शनची. "तुला सरकारचे चार हजार येतात की, मी बाकीचे देतो." तेलंगणात आसरा योजनेतून अपंगांना २०२३ पासून महिना ४,०१६ रुपये मिळतात. ते सरकार त्या माणसाला देतं, मालकाला नाही. पगारातून ते वजा करणं म्हणजे सरकारच्या पैशावर स्वतःचा नोकर ठेवणं झालं. गंमत म्हणजे हा हिशेब आपली माणसंसुद्धा मान डोलावून ऐकून घेतात.

तिसरी, 'ट्रायल'. काम जमतं का ते पाहण्यासाठी काही दिवस मागणं रास्त आहे. ते दिवस बिनपगारी असणं रास्त नाही, आणि ट्रायल महिना-दोन महिने ताणली जात असेल तर ती ट्रायल नव्हेच.

आता प्रत्यक्ष बोलणं. उमेदवाराने स्वतः बोलावं. वडील किंवा काका सोबत असले तरी खुर्ची मागे घ्यावी. ऐकू न येणारा उमेदवार फोनवर लिहून बोलू शकतो, त्यात संकोच कसला? बोलणं साधारण असं जावं :

"सेठ, बिलिंगचं काम मी करू शकतो. टॅली येतं. पगार किती?"

"पहिलं काम बघू. तुला त्रास होईल. देऊ काहीतरी."

"काम बघा, आठ दिवस बघा. पण या काउंटरवर दुसऱ्यांना जो पगार आहे, तोच मला हवा. आणि नेमणूकपत्रात पद लिहून द्या."

"अरे, एवढं कोणाला देतो आम्ही लिहून?"

"मला द्या. बँकेत लागतं, ईएसआयला लागतं."

शेवटचं उत्तर पाठ करून ठेवा. भांडण न करता कागद मागायला असं कारण लागतं, आणि ते खोटंही नाही. ईएसआयची, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याची, पगाराची मर्यादा इतरांना महिना २१,००० रुपये आहे, अपंग कामगाराला २५,०००. ईएसआय लागू असलेल्या ठिकाणी हे नोंदवून घेतलं तर औषधपाण्याचा मोठा खर्च वाचतो. नव्या कामगार संहितांनी नेमणूकपत्र देणं मालकावर बंधनकारक केलंय, तेव्हा मागताना ओशाळायचं कारण नाही. पगार बँकेत घ्या. रोख घ्यावाच लागला तर सहीच्या आकड्याशी नोटा जुळवल्याशिवाय पेन उचलू नका.

अपंगत्व कधी सांगायचं, असं पुष्कळ पालक विचारतात. दिसणारं असेल तर प्रश्नच नाही. न दिसणारं असेल, म्हणजे कमी ऐकू येणं, थॅलेसेमिया, मानसिक आजार, तर ज्या गोष्टीसाठी सोय हवी तेवढीच सांगा. सगळा इतिहास मांडायची गरज नाही. पण सोय हवी असूनही लपवलं आणि पुढे अडचण आली, तर मालकालाही तयारीची संधी मिळत नाही.

आणि सोयीचं मागणं ही भीक नव्हे. २०१६ च्या कायद्याने भेदभावाची जी व्याख्या केली आहे, तिच्यात वाजवी सोय नाकारणं हाही भेदभाव धरलेला आहे. वाजवी म्हणजे मालकावर अवाजवी बोजा न टाकणारी. लिफ्ट बांधा असं छोट्या दुकानाला कोणी म्हणत नाही. बिलाचं टेबल चार बोटं खाली घेणं, उभ्याने करायच्या कामाला स्टूल देणं, दारातल्या दोन पायऱ्यांवर लाकडी उतार टाकणं, कमी ऐकू येणाऱ्याला सूचना व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणं, दृष्टिहीन माणसाच्या संगणकावर एनव्हीडीए हे स्क्रीन वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर टाकणं, या झाल्या वाजवी सोयी. एनव्हीडीए फुकट मिळतं. बाकीच्या सोयींना जो काही खर्च येईल, तो कामगाराच्या माथी मारता येत नाही. २०१७ च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलेलं आहे : अशा सोयीचा खर्च, पूर्ण किंवा थोडासुद्धा, अपंग व्यक्तीला भरायला भाग पाडू नये. स्टुलाचे पैसे पगारातून कापल्याचं ऐकलंत तर हा नियम दाखवा.

मागणी तोंडी करून थांबू नका. दोन ओळींचा अर्ज पुरे, इंग्रजीत किंवा तेलुगूत : मी अमुक तारखेपासून अमुक पदावर काम करतो/करते. माझ्या अपंगत्वामुळे उभं राहून सलग काम करणं शक्य नाही. काउंटरला उंच स्टूल मिळावं, ही विनंती. खाली तारीख, सही, यूडीआयडीचा क्रमांक. एक प्रत द्या, दुसरीवर मिळाल्याची सही घ्या. सही देत नसतील तर तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. तारीख आपोआप पडते.

वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेने समान संधीचं धोरण लिहून ठेवायचं आणि लोकांना दिसेल असं लावायचं, असंही २०१७ चे नियम सांगतात. आबिड्समधल्या मोठ्या शोरूमांत, हॉटेलांत, कोचिंग क्लासांत वीसपेक्षा जास्त लोक सहज असतात. मुलाखतीत विचारून पाहा, "तुमचं समान संधीचं धोरण बघायला मिळेल का?" बहुतेक ठिकाणी एकमेकांच्या तोंडाकडे बघतील. तरी विचारा. विचारणारा माणूस फसवायला सोपा नाही, हे त्यांना कळतं.

जायचा-यायचा विचार आधी करा. नामपल्ली आणि गांधी भवन मेट्रो स्थानकांना लिफ्ट आहेत, पण तिथून दुकानापर्यंतचा तुकडा अवघड असतो. आबिड्सचा फुटपाथ म्हणजे टपऱ्या, स्कूटर आणि मधूनच उघडी गटारं. रविवारी तर तिथे जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. मला तो अतिशय प्रिय आहे, पण व्हीलचेअरवाल्याला त्या दिवशी गाड्यांच्या रस्त्यावरून जावं लागतं, हेही खरं. कामाच्या दिवशी सकाळी दहाला एकदा स्वतः जाऊन या, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेलाही. रात्री उशिरा सुटणारं काम असेल तर घरी पोचायचा खर्च पगाराच्या बोलण्यात धरा.

दुकानदारीच्या पलीकडेही वाटा आहेत. विद्यानगरच्या एटीआय आवारात केंद्र सरकारचं दिव्यांगांसाठीचं राष्ट्रीय करिअर सेवा केंद्र आहे. जुनी माणसं त्याला अजून व्हीआरसी म्हणतात. तिथे नाव नोंदवा. कोणतं काम जमेल याची चाचणी होते आणि प्रशिक्षणही मिळतं. यूथ-फॉर-जॉब्ज ही हैदराबादचीच संस्था अपंग तरुणांना खासगी नोकऱ्यांसाठी तयार करते. नोकरी लावून देतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याच्या वाऱ्याला उभे राहू नका, मग तो अमीरपेटचा असो की आपल्या गावचा. श्रीकांत बोल्ला यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. जन्मतः दृष्टिहीन, एमआयटीत शिकून आले आणि हैदराबादेत कारखाना उभारला. ती गोष्ट मुलांना जरूर सांगा. पण प्रत्येकाने श्रीकांत व्हायला हवं असं नाही. बिलाच्या काउंटरवर पूर्ण पगार मिळवणं हीसुद्धा नोकरीच आहे.

सरकारी नोकरीचा हिशेब वेगळा. कायद्याने ४ टक्के जागा राखीव आहेत : दृष्टी, श्रवण आणि अस्थिव्यंग या तीन गटांना एकेक टक्का, आणि चौथा टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुविकलांगता यांना मिळून. जागा भरली नाही तर ती पुढच्या वर्षी ओढली जाते. मराठवाड्यातून आलेल्यांनी एक लक्षात ठेवावं, तेलंगण राज्याच्या भरतीत २०१८ च्या राष्ट्रपती आदेशाप्रमाणे ९५ टक्के जागा स्थानिकांच्या आहेत. तेव्हा त्यांनी बँका, टपाल, रेल्वे, केंद्राच्या परीक्षा यांकडे बघावं. आबिड्सचं जनरल पोस्ट ऑफिस आणि गनफाउंड्रीची स्टेट बँक ही दोन्ही दारं तशी समोरच आहेत. एसएससी आणि यूपीएससीला अपंगांना फी नाही. लेखनिक लागणाऱ्याला तासाला २० मिनिटं जादा मिळतात. लेखनिकाचा अर्ज फॉर्म भरतानाच करायचा, परीक्षेच्या सकाळी नव्हे.

नोकरीत असताना अपंगत्व आलं तर? सरकारी आस्थापनेला अशा माणसाला काढता येत नाही, पदावरून खाली आणता येत नाही. जुनं काम जमत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरं द्यायचं. तेलंगण आरटीसीच्या एका चालकाचं प्रकरण या बाबतीत वाचण्यासारखं आहे. २०१४ ला नेमणूक झाली, तपासणीत रंगांधळेपणा निघाला, २०१६ ला घरी पाठवलं. १ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याला त्याच वेतनश्रेणीतल्या योग्य पदावर घ्यायला सांगितलं आणि मधल्या काळाच्या थकलेल्या पगारापैकी २५ टक्के द्यायला लावले. त्याच्या कामी आला तो महामंडळ आणि कामगार संघटना यांच्यातला १९७९ चा करार. रंगांधळ्या चालकांना दुसरं काम द्यायचं, असं त्यात लिहून ठेवलेलं होतं. संघटनेचे जुने करार रद्दीत घालू नयेत ते याचसाठी. खासगी नोकरीत एवढं थेट संरक्षण नाही. तिथे ईएसआय आणि नेमणूकपत्र हेच हाताशी राहतं, म्हणून वर त्यावर एवढा जोर दिला.

तक्रारीच्या वाटा दोन, आणि त्यांची गल्लत करू नये. पगार कमी दिला किंवा थकवला, तर कामगार खातं. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे, आणि पैसे दिले होते हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर आहे. दावा खरा ठरला तर थकलेल्या रकमेवर तिच्या दहा पटींपर्यंत भरपाई लावता येते. अपंगत्वावरून डावललं, सोय नाकारली, तर आधी आस्थापनेच्या प्रमुखाला लेखी कळवा. त्याने दखल घेतली पाहिजे किंवा डावलण्याचं, सोय नाकारण्याचं कारण लेखी दिलं पाहिजे. उत्तर आलं नाही तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे. दिव्यांग कल्याण खात्याचं कार्यालय मलकपेटला नलगोंडा चौरस्त्याजवळ आहे. अशी तक्रार साधारण ६० दिवसांत निकाली काढायची, असं नियम सांगतात. वकील लावलाच पाहिजे असं नाही. अर्ज लिहायला मदत हवी असेल तर इसामिया बाजार, सुलतान बाजार भागातल्या आपल्या मंडळींत बँकेतून निवृत्त झालेलं कोणीतरी सापडतंच, आणि निवृत्त माणसाला अर्ज लिहायला दिला की तो खूश होतो.

ज्या मराठी वाचकांचं स्वतःचं दुकान, छापखाना, मेस किंवा क्लास आहे, त्यांनाही थोडं सांगायचं आहे. माणूस हवा असेल तर विद्यानगरच्या केंद्राला कळवा. काम काय आहे ते नीट सांगा, म्हणजे ते जुळणारा माणूस पाठवतील. मुलाखतीत "जिना चढता येतो का?" हे विचारण्याआधी त्या कामात जिना चढावा लागतो का, ते स्वतःला विचारा. मस्टरवर पद खरं लिहा. पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत पगार द्या, आणि नोकरी सोडून जाणाऱ्याचा हिशेब कामाच्या दोन दिवसांत चुकता करा. कायदा सगळ्यांसाठी एवढंच मागतो, आणि अपंग माणसालाही ते तितकंच लागू आहे.